पनवेलचा कागद ठाण्याच्या कपाटात

परवा उलव्याकडच्या एका मुलाचा मेसेज आला. आजोबांची जमीन सिडकोसाठी गेली, घरात एक फाटकी नोटीस आहे. "दादा, पुढचं कुठे शोधू?"

आपल्या ९५ गावांचा इतिहास आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. मूळ कागद बघायला फार थोडे जातात, आणि गेलेले बरेचदा चुकीच्या जिल्ह्यात शोधतात. मीही शोधलाय. पनवेल रायगडात, म्हणून १८८३ चं कुलाबा गॅझेटियर घेऊन बसलो होतो. पण त्याआधी पनवेल-उरण ठाणे जिल्ह्यात होतं! म्हणजे हवा होता १८८२ चा ठाण्याचा खंड.

तीच गत भूसंपादनाची. कुलाब्याचा रायगड झाला १९८१ साली. १९७० च्या कागदावर 'रायगड' कसा असेल? तिथे 'जिल्हा कुलाबा' म्हणूनच शोधायचं. बेलापूर पट्टीच्या गावांसाठी मात्र तेव्हाही ठाणे, आजही ठाणे.

संपादन झालं १८९४ च्या कायद्याने. कलम ४ आणि ६ च्या अधिसूचना सरकारी राजपत्रात छापल्या जात. त्यावरून गाव, सर्व्हे नंबर, तारीख मिळते. ती हातात घेऊन भूसंपादन कार्यालयात निवाड्याची नक्कल मागा. क्षेत्र किती, मोबदला किती, कुणाकुणात वाटला, हे निवाड्यातच असतं. नुसतं "आमच्या जमिनीचे पेपर द्या" म्हटलंत तर हेलपाटे ठरलेले.

ब्रिटिश काळातल्या कागदांसाठी काळा घोड्याला एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं. तिथे गावाचं नाव सांगून भागत नाही. खातं आणि साल सांगावं लागतं. जमीन म्हणजे महसूल खातं.

१६-१७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात आपले पाच हुतात्मे झाले. त्या आठवड्याचे अंक जुन्या ग्रंथालयांत मागून बघा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय १८९८ चं. पण एकच पेपर वाचून थांबू नका. मुंबईचा अंक आणि अलिबागचा अंक शेजारी ठेवा, मथळ्यांपासून फरक दिसतो का बघा. विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीत सरकार काय म्हणालं तेही वाचा.

आता खरी अडचण. निवाडा सातबाऱ्यावरच्या नावाचा. मिठागरात राबलेला मजूर, खाडीत जाळं टाकणारा कोळी सरकारी कागदात सहसा सापडत नाही. त्याचा पुरावा घरातच: मजुरीची चिठ्ठी, पावती, मोर्चाचं पत्रक, आजीची आठवण. आणि घरं तर पाडून इमारती उठतायत. जुनी ट्रंक रद्दीत जायला एक दुपार पुरते.

त्या मुलाला एवढंच कळवलं: नोटिशीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढ. मागच्या बाजूला पेन्सिलीने केस नंबर लिहिलेला असू शकतो.