हौशी रेडिओसंचाचे संगणकीय नियंत्रण
हौशी रेडिओसंचाची वारंवारता, मोड आणि प्रक्षेपण संगणकावरून हाताळण्याची पद्धत; हौशी मंडळी तिला सर्रास ‘कॅट’ म्हणतात. आज्ञांची भाषा उत्पादकागणिक वेगळी. केनवुडची साध्या अक्षरांत असते: ‘एफए00014074000;’ म्हणजे व्हीएफओ-ए 14.074 मेगाहर्ट्झवर न्या. आयकॉमच्या सीआय-व्ही पद्धतीत प्रत्येक संचाला पत्ता असतो (आयसी-7300 चा मूळ पत्ता षोडशमान 94) आणि हीच वारंवारता उलट्या क्रमाने, 00 40 07 14 00 अशी जाते. हॅमलिब ही मुक्त लायब्ररी हे भाषाभेद स्वतःच्या अंगावर घेते.

सॉफ्टवेअरमध्ये संचाचे मॉडेल आणि सीरियल पोर्ट निवडतात. बॉड रेट मात्र संचाच्या मेनूशी जुळावा लागतो. बहुतेकांचे घोडे इथेच पेंड खाते. त्याहून जपायच्या त्या आरटीएस व डीटीआर या रेषा. संचाच्या मेनूत प्रक्षेपण त्यांच्याशी बांधलेले असेल, तर नुसते पोर्ट उघडताच संच प्रक्षेपण सुरू करू शकतो. पहिली चाचणी डमी लोडवरच घ्यावी.

सीरियल पोर्ट सहसा एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असते. लॉगबुक आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स एकत्र चालवायचे, तर मध्ये हॅमलिबचा ‘रिगसीटीएलडी’ सर्व्हर ठेवतात. त्याचे नेहमीचे टीसीपी पोर्ट 4532.