फ्लॅटची सांगितलेली किंमत योग्य आहे का, हे कसं तपासायचं?

मुंबई-पुण्यात फ्लॅट बघायला गेलं की आधी क्लबहाऊस आणि स्विमिंग पूल दाखवतात. तुम्ही आधी कार्पेट एरिया विचारा. 2016 च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. त्यात आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. समजा, ‘1,000 स्क्वेअर फुटांचा’ फ्लॅट दीड कोटीला सांगितला. दर वाटतो 15,000 रुपये. कार्पेट 650 निघाला, तर तोच दर 23,000 च्या वर जातो!

आता हा दर ताडून कशाशी बघायचा? पोर्टलवरच्या जाहिरातींशी नको, ते नुसते मागितलेले आकडे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाईटवर ‘ई-सर्च’मध्ये त्याच इमारतीतल्या किंवा शेजारच्या व्यवहारांचा ‘इंडेक्स टू’ शोधा. त्यातल्या ‘मोबदला’ या रकान्यात दस्तात नोंदवलेली विक्रीची किंमत असते, शिवाय क्षेत्रफळ आणि तारीखही. त्यावरून दर काढा. मात्र त्याखालच्या ‘बाजारभाव’ या शब्दाला फसू नका, तो आकडा मुद्रांक शुल्कासाठी रेडी रेकनरवरून काढलेला असतो.

बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटवर साधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो, रीसेलवर नाही. तुलना करताना तोही धरा.