नोटेच्या पाठीवरील मोडी अक्षरे

कसबा पेठेतील एका वाड्यात हिशेबी कागदांचा जुना रुमाल सोडीत असता दहा रुपयांची एक सरकारी नोट हाती आली. ती कलकत्ता मंडलाची व १९१० पूर्वीची आहे. मधोमध कापलेले तिचे दोन तुकडे मागून कागदी पट्टी चिकटवून सांधलेले आहेत. छापील बाजू नाणकसंग्राहकांच्या परिचयाची आहे. येथे विचार करावयाचा आहे तो पाठीवरील शाईच्या लेखनाचा.

१८६१ च्या कायद्याने कागदी चलन सरकारच्या हाती आले. त्यानंतर दीर्घकाळ नोटा एकाच बाजूस छापल्या जात. पाठ कोरी राही आणि व्यवहारातील माणसे तिचा उपयोग करीत. नोट ज्या मंडलाची, त्याच मंडलात ती कायदेशीर चलन असे. पुणे मुंबई मंडलात मोडत असल्याने कलकत्त्याची नोट येथे कोणी वटाव कापून घेतली तर नवल नव्हते. दहा रुपयांच्या नोटेवरील हे बंधन १९१० मध्ये उठले. टपालात चोरी होऊ नये म्हणून नोट कापून एक अर्ध प्रथम पाठवीत व ते पोहोचल्याचे कळल्यावर दुसरे रवाना करीत. आपल्या नोटेचे तुकडे तसेच झाले असावेत.

पाठीवर एका ओळीच्या आरंभी दोन उभे दंड स्पष्ट दिसतात. जुन्या हिशेबात १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. तेव्हा हे दंड आठ आण्यांचे, असे मी प्रथम वाचले. परमंडलाच्या नोटेवर आठ आणे वटाव! पुराव्याचा आनंद इतका झाला की त्या वाचनावर मी एक टिपणही लिहून काढले. पुढे त्याच रुमालातील एका याददाश्तीत त्याच हस्ताक्षरात 'गु॥' आढळले आणि टिपण रद्द करावे लागले. हा 'गुजारत' या शब्दाचा संक्षेप. अर्थ 'मार्फत, हस्ते'. नोटेवरील 'गु' घर्षणाने पुसट झाला होता, दंड तेवढे उरले होते. अंकामागून आलेले दंड अपूर्णांक दाखवितात, अक्षरामागून आलेले संक्षेप. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, म्हणून अक्षर झिजले की हा भेद झिजतो. वटावाचा पुरावा गेला. एका माणसाचे नाव मिळाले.

त्या नावाचा आरंभ मी देवनागरीत 'हरि' असा केला आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. 'हरी' लिहिले तरी मूळ लेखनाशी विरोध येणार नाही. लिप्यंतरात दिसणारे ऱ्हस्वत्व माझे आहे, कारकुनाचे नव्हे. अशी वाचने छापताना हे सांगितले जात नाही, ही तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

ही ओळ डाव्या तुकड्यावर सुरू होऊन पट्टीवरून उजव्या तुकड्यावर जाते. म्हणजे ती तुकडे सांधल्यानंतरची. हरि हा सांधलेली नोट आणणारा, कलकत्त्याहून पाठविणारा नव्हे. खालच्या बाजूस अंकांची एक उभी ओळ मात्र पट्टीच्या कडेशी तुटते व पट्टीखाली शिरते. ती कापण्यापूर्वीची होय. एकाच पाठीवर दोन काळांचे लेखन आहे, आणि त्यांचा क्रम शाईच्या रंगावरून नव्हे, कात्री व खळ यांवरून ठरतो.

संग्राहकांना स्वच्छ नोट हवी असते. त्यामुळे विक्रीपूर्वी नोटा धुण्याची व जुन्या पट्ट्या काढण्याची रीत आहे. धुतलेल्या नोटेवर असा क्रम लावता येणार नाही. प्रस्तुत नोटेची पट्टी सोडवून पाहण्यास मालकांनी संमती दिली नाही. तो नकार योग्यच होता. नोट दिव्यासमोर धरली असता पट्टीखाली एक अंक अंधुक दिसतो. समोरची छपाई त्यात मिसळते. तरी तो ७ असावा असे वाटते.