विकलेले यंत्र आणि न विकलेली आज्ञावली

जुने कपाट विकताना त्याच्या फळ्या कोणाच्या मालकीच्या, असे कोणी विचारीत नाही. वापरलेल्या संगणकाच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला. यंत्र विकणाऱ्याचे असते, यात वाद नाही. पण त्यात बसविलेली आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, त्याला विकता येते काय? या वादाचे मूळ संगणकाच्या जन्माआधीचे असून ते एका कादंबरीत सापडते.

अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने १९०४ साली ‘द कॅस्टअवे’ ही कादंबरी काढली आणि आत सूचना छापली की, पुस्तकाची किरकोळ किंमत एक डॉलर असून त्याहून कमी भावाने विकण्याचा परवाना कोणाही दुकानदारास नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानाने ते खुशाल ८९ सेंटांना विकले. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कॉपीराइटच्या धन्याने प्रत एकदा विकली म्हणजे तिच्या पुढील विक्रीवर त्या कायद्यान्वये त्याची सत्ता चालत नाही. तेथील जुन्या पुस्तकांचा व्यापार या तत्त्वावर निर्वेध चालत आला.

संगणकाच्या प्रारंभकाळी हे तत्त्व लावून पाहण्याची वेळच आली नाही. यंत्रे अवाढव्य, बहुधा भाड्याने दिलेली. आणि आज्ञावल्या त्यांच्याबरोबर वेगळे मोल न पडता मिळत. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने आज्ञावल्यांची व सेवांची आकारणी यंत्रापासून निराळी करण्याचे जाहीर केले आणि या व्यापाराला स्वतंत्र वाट मिळाली. पण ती वाट पुस्तकविक्रेत्यांची नव्हती. आज्ञावलीची नक्कल क्षणात होते, ही व्यापाऱ्यांची भीती काही खोटी नव्हे. म्हणून त्यांनी ‘विक्री’ हा शब्दच टाळला. गिऱ्हाइकाला प्रत विकलेली नसून केवळ वापरण्याचा परवाना दिलेला आहे, असे करारात लिहिले जाऊ लागले. कादंबरीतील सूचनेला जे साधले नव्हते, ते करार साधू पाहत होता.

अमेरिकेत ते बव्हंशी साधले. वॉशिंग्टन राज्यातील व्हर्नर नावाचा किरकोळ विक्रेता ईबे या संकेतस्थळावर जुन्या वस्तू विकीत असे. २००७ साली एका वास्तुशिल्पज्ञांच्या कार्यालयाने काढलेल्या सामानातून त्याने ‘ऑटोकॅड’ या नकाशे रेखण्याच्या आज्ञावलीचे चार संच घेतले. नव्या आवृत्तीचा परवाना ३,७५० डॉलरांऐवजी ४९५ डॉलरांत मिळवताना जुने संच नष्ट करण्याचे त्या कार्यालयाने कबूल केले होते. नष्ट मात्र केले नव्हते. ऑटोडेस्क कंपनीने विक्री अडविली. खालच्या न्यायालयात व्हर्नर जिंकला, २०१० साली वरच्या न्यायालयात हरला. करारात हस्तांतरावर व वापरावर ठळक निर्बंध असतील तर ग्राहक हा मालक नव्हे, परवानाधारक होय. आणि जे आपले नाही ते तो दुसऱ्यास विकणार कसे? युक्तिवाद सुसंगत खरा, पण त्यामुळे १९०८ चा निकाल नुसत्या शब्दयोजनेने निष्फळ करता येतो. शिवाय भुर्दंड पडला तो त्या करारात कधीही सामील नसलेल्या माणसाला.

युरोपने निराळा विचार केला. नव्या संगणकासोबतच विकण्यासाठी काढलेल्या मायक्रोसॉफ्टच्या स्वस्त प्रती बर्लिनच्या एका व्यापाऱ्याने सुट्या विकल्या. २००० साली जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ती विक्री वैध मानली. पुढे ओरॅकल आणि यूजसॉफ्ट यांच्या वादात युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी सांगितले की, एकरकमी मोबदला घेऊन कायमचा परवाना दिला तर ती विक्रीच होय, तिला नाव काहीही द्या. मग आज्ञावली तबकडीवर आलेली असो वा इंटरनेटवरून उतरवून घेतलेली असो. मात्र विकणाऱ्याने स्वतःजवळची प्रत निकामी केली पाहिजे, आणि पंचवीस जणांचा परवाना तुकडे करून विकता कामा नये.

भारतात १९९४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीची प्रत विकण्याचा हक्क, ती पूर्वी विकली गेली असली तरीही, कॉपीराइटच्या धन्याकडेच ठेवला होता. १९९९ च्या दुरुस्तीने ‘पूर्वी विकली गेली असली तरीही’ या आशयाचे शब्द गाळले. ते का गाळले, याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ च्या निकालात उलगडला: पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीवरील विक्रीचा हक्क संपतो. तो खटला परदेशी आज्ञावल्यांवरील आयकराचा होता. जुना संगणक विकणारा कोणी त्या न्यायासनापुढे उभा नव्हता.