करणारा आणि करविणारा

कटंगी हे गाव आपल्या परसवाड्यासारखंच बालाघाट जिल्ह्यातलं. तिथले पत्रकार संदीप कोठारी बेकायदा खाणकामाबद्दल लिहीत. १९ जून २०१५ ला त्यांना पळवून नेलं. जाळलेला मृतदेह सापडला तो महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यात. खाणकामाचा खटला मागे घ्या, असा त्यांच्यावर दबाव होता, असं पोलिसांनी सांगितलं.

हे काही पहिलंच नव्हे. २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत कामगारनेते शंकर गुहा नियोगींना झोपेत गोळी घातली. छत्तीसगड तेव्हा आपल्याच मध्यप्रदेशात होतं. १९९७ मध्ये खालच्या कोर्टाने उद्योगपतींनाही दोषी धरलं होतं. वरच्या कोर्टांत ते सुटले आणि २००५ मध्ये शेवटी शिक्षा झाली ती एकट्या गोळी झाडणाऱ्याला.

पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना मारलं. १० मे २०२४ ला दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. पण खरा सूत्रधार वेगळाच आहे आणि तपास त्याच्यापर्यंत पोचला नाही, असं खुद्द कोर्टानेच म्हटलं.

आपल्याकडे लहान मुलींनाही शिकवतात की हिंसा तीन तऱ्हेची: करणं, करविणं, अनुमोदन देणं. पाप तिन्हींचं. कायद्याच्या हाती मात्र बहुधा पहिलाच लागतो. आणि तिसरं तर आपल्या ओट्यावरही ऐकू येतं, ‘कशाला पडायचं नको त्या भानगडीत?’

बायांनो, मारणाऱ्याला बळ मिळतं ते याच वाक्याने. मुक्ता दाभोलकर आणि कोल्हापूरच्या मेघा पानसरे वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढल्या, त्या एकाच प्रश्नासाठी: करविणारा कोण? तो प्रश्न आपणही विचारायला हवा.