कुलगुरूंना गोळ्या का घातल्या?

१६ नोव्हेंबर १९८९ची पहाट. मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हाडोरमध्ये यादवी पेटलेली. लष्कराचे जवान राजधानीतल्या कॅथलिक विद्यापीठात शिरले आणि कुलगुरू इग्नासिओ एलाकुरिया यांना गोळ्या घालून मारलं.

एलाकुरिया मूळचे स्पेनचे. जेझुइट धर्मगुरू, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. १९७९पासून विद्यापीठाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं एवढंच, विद्यापीठाने गरिबांचं वास्तव अभ्यासायचं आणि उघड बोलायचं. युद्ध वाटाघाटींनीच थांबेल, असंही ते सांगत. लष्कराला तेच खुपलं.

सोबतचे पाच जेझुइटही मारले. साक्षीदार नकोत म्हणून घरकाम करणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची मुलगी सेलिना यांनाही सोडलं नाही.

१९९२ला युद्ध थांबलं. वाटाघाटींनीच! एका माजी कर्नलला शिक्षा झाली ती २०२०मध्ये, तीही स्पेनच्या कोर्टात.

मंडळी, खरं बोलणारा कुलगुरू एवढा महाग पडतो का हो सत्तेला?