शहागंजचा हौद आणि वहीतलं पर्यावरण

"सर, मोटर नव्हती, तर मग पाणी मनोऱ्यावर चढायचं कसं?"

शहागंजात घड्याळाच्या टॉवरजवळ उभं राहून मी मुलांना नहरीबद्दल सांगत होतो. नववीतल्या एका मुलीने मध्येच हे विचारलं आणि त्या दिवसाचा खरा तास तिथून सुरू झाला.

मंडळी, 1610 च्या सुमारास मलिक अंबरने खडकी वसवली. एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणायचं? त्याने उत्तरेकडच्या डोंगरउतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालच्या नहरीत गोळा केलं आणि उताराउताराने गावात आणलं. बंद नळातलं पाणी उगमाच्या पातळीपर्यंत आपसूक चढतं, म्हणून वाटेत मनोरे. तिथे पाणी वर यायचं, नळातली हवा सुटायची, पाणी पुढे जायचं. पुढे मुघल काळात नहरी वाढल्या. पाणचक्कीचं जातंही असंच वाहत्या पाण्यावर फिरायचं. शहागंजच्या मशिदीपुढचा हौद अठराव्या शतकातला. उन्हाळ्यात लोकांना त्याचा केवढा आधार होता, हे खाफीखानाने लिहून ठेवलंय.

आज आपण पैठणहून, जायकवाडीचं पाणी वीज जाळून वर चढवतो. तरी 'आज नळाचा दिवस आहे का?' हा प्रश्न घरोघरी आहेच.

सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, 2003 मध्ये पुन्हा बजावलं. विषय आला, पण वहीत अडकला. मीसुद्धा वर्षानुवर्षं 'जलसंवर्धनाचे पाच उपाय' फळ्यावर लिहून दिलेत. त्यावर एकाही पोराने कधी प्रश्न विचारला नाही. विचारणार तरी काय?

परत निघताना तीच मुलगी म्हणाली, "सर, मग नहर बंद कुणी पाडली?"

कुणा एकाचं नाव सांगता आलं नाही. नहरीवर घरं झाली, खोदकामात नळ फुटले, सांडपाणी शिरलं, पाणी मुरायची जमीन झाकली गेली. थोडं थोडं सगळ्यांनीच.

हे उत्तर पुस्तकात नाही. पण ते ऐकून मुलं गप्प झाली, आणि मीही.

सुट्टीच्या दिवशी आपापल्या लेकरांना घेऊन नहरीचा एखादा मनोरा दाखवून आणा. उत्तरं पाठ करून जायची गरज नाही. प्रश्न ती विचारतील.